ग्वाल्हेरच्या वतीनं

आमच्या संस्थेचं वार्षिक अधिवेशन ग्वाल्हेरला आलं ते दुसऱ्या एका शहरानं ऐनवेळी अंग काढून घेतलं म्हणून. चित्रपट आणि माध्यमांचा अभ्यास करणाऱ्यांची ही संस्था. देशभरातले प्राध्यापक, संशोधक आणि काही नुसतेच हौशी लोक तिचे सभासद आहेत. दर हिवाळ्यात सगळे एखाद्या गावी जमतात, निबंध वाचतात, वाद घालतात, जेवणाला नावं ठेवतात आणि पुढचं गाव ठरवून पांगतात. कार्यकारिणीतून मला फोन आला, "तुमच्या विद्यापीठात जमेल का?" मी कुणालाही न विचारता हो म्हणून मोकळी झाले.

डीनसाहेब भडकले. "मैडम, पूछ तो लेतीं!" मी म्हटलं, सर, विद्यापीठाचं नाव होईल. खरं कारण वेगळंच होतं. त्याच आठवड्यात पुण्याहून मॅडमचा फोन आला होता.

मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक. आता त्या तिथल्या विभागाच्या प्रमुख आहेत. फोनवर त्या कधीच फार बोलत नाहीत. "आमच्याकडे एक जागा निघतेय," त्या म्हणाल्या. "कायमची. तुझं नाव माझ्या डोक्यात आहे. फोनवर नको, अधिवेशनात भेटू तेव्हा नीट बोलू." आणि ठेवला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं.

पुण्याला मी बरीच वर्षं काढली होती. तिथंच राहायचं ठरवलं होतं, पण आई आजारी पडली म्हणून परत आले. आई गेली, बाबा एकटे उरले, आणि मी इथल्या एका खाजगी विद्यापीठात करारावर शिकवायला लागले. दर उन्हाळ्यात करार संपतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा होतो. मधल्या दिवसांत मी कुणाची आहे ते मलाही माहीत नसतं. कुणी विचारलं, की अजून ग्वाल्हेरलाच का, तर माझं उत्तर ठरलेलं, "बाबा आहेत ना." ते उत्तर ऐकून लोक मान हलवतात आणि विषय बदलतात.

पण मला घरात बसवत नसे. संध्याकाळी स्कूटर काढायची आणि काही घ्यायचं नसताना दाल बाजारातून पाटणकर बाजारापर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा यायचं. बाबा विचारायचे, "काय आणलंस?" मी म्हणायची, काही नाही, गर्दी होती.

तर आता मॅडम येणार, आणि मी अख्खं अधिवेशन पेलून धरलेली त्यांना दिसणार, असा माझा हिशेब होता. एखाद्या नोकरीसाठी याहून चांगली मुलाखत कुठली, असं मला वाटलं.

मला स्थानिक कार्यवाह केलं गेलं. म्हणजे खोल्या, गाड्या, पाण्याच्या बाटल्या, माइक, आणि उद्घाटनाच्या वेळचं स्वागताचं भाषण, सगळं माझ्याकडे. भाषण मी इंग्रजीत दोन पानं लिहिलं. त्यात किल्ला होता, गाणं होतं, इथल्या लोकांचा मोकळेपणा होता. डीनसाहेबांनी वाचून "बहुत बढ़िया" म्हटलं. मला स्वतःला त्यातलं एकही वाक्य माझं वाटत नव्हतं. ज्या गावातून कधी एकदा सुटते असं झालेलं, त्याच गावाच्या वतीनं मी लोकांना या, बसा, आपलंच समजा म्हणणार होते. रोज ती पानं काढायची, एखादा शब्द बदलायचा, पुन्हा तोच घालायचा, असं चाललं होतं.

उद्घाटनाच्या सकाळी धुक्यानं गाव गिळून टाकलं. आमच्याकडे जानेवारीत हे नवीन नाही, पण बाहेरच्या लोकांना सांगून पटत नाही. दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या रखडल्या, दक्षिणेकडून येणाऱ्याही रखडल्या. मी मॅडमना आणायला स्वतः स्टेशनवर गेले. फलाटावर एका जागी उभी राहिले असते तर थंडीनं गारठले असते, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले आणि मनात वाक्यं जुळवत राहिले. मॅडम, मी तयार आहे. मॅडम, बाबांचं मी बघते. मॅडम, तुम्ही फक्त सांगा.

गाडी आली. मॅडम शाल गुंडाळून उतरल्या, माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "किती वाळलीस गं!" त्यांच्याच डब्यातून आणखी दोघं सभासद उतरले. चौघं एका गाडीत बसलो. ते दोघं रस्ताभर रेल्वेला शिव्या देत होते आणि मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. बोलणं राहिलंच.

सभागृह निम्मं भरलं होतं. मागच्या रांगेत बाबा येऊन बसलेले. मी नको म्हणत असताना रिक्षा करून आले होते, लग्नाकार्यातला तो तपकिरी कोट घालून. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्या कोटाला फारशी कामगिरी उरलेली नाही. मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. आणि व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी होती, कारण ज्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं ते पाहुणे आग्र्याच्या बाजूनं मोटारीनं येत होते आणि धुक्यात अडकले होते.

डीनसाहेब माझ्या कानाशी आले. "आप शुरू कीजिए। वो अभी मुरैना के आसपास हैं। ज़रा खींचिएगा।"

"कितना?"

"जितना खिंच जाए।"

मी दोन पानं वाचली. खूप सावकाश वाचली, तरी संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या हातमोज्यांतून वाजवल्यासारख्या आल्या. मी बाजूला बघितलं. डीनसाहेब फोन कानाला लावून उभे होते आणि दुसऱ्या हातानं मला अजून, अजून अशी खूण करत होते.

मी पानं दुमडली. आणि का कोण जाणे, हिंदीत बोलायला लागले.

मी म्हटलं, तुम्ही सगळे ‘प्रेक्षक’ या विषयावर तीन दिवस बोलणार आहात, तर मी तुम्हाला एक प्रेक्षक सांगते. माझी आई. आम्ही तेव्हा बिर्लानगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आई तिथल्या शाळेत शिकवायची. चारी बाजूंनी गिरणीतल्या कामगारांची घरं. लष्कर या गावाच्या जुन्या भागातलं मराठी मंडळ वर्षातून एकदा मराठी सिनेमा आणायचं. रविवारी सकाळी एकच खेळ. तिथं जायचं म्हणजे आमच्याकडे सणच असायचा. आमच्या शेजारची काकू, नवरा गिरणीत, मराठीचा एक शब्द येत नसलेली, तीही दरवर्षी आमच्याबरोबर यायची. तिला घराबाहेर पडायला दुसरं निमित्तच नव्हतं. मग सिनेमा सुरू झाला की आई तिच्या कानात हिंदीतून सांगायची, हा काय म्हणाला, ती काय म्हणाली. आधी हळू. मग काकूच्या पलीकडची बाई म्हणायची, "बहनजी, थोड़ा ज़ोर से।" लष्करातले मराठी लोक मागून शुक शुक करायचे. मी लहान होते, मला वाटायचं सिनेमा असाच असतो. पडद्यावर एक आवाज आणि अंधारात आईचा दुसरा.

सभागृहात हसू पसरलं. मला अंगावर ऊन आल्यासारखं झालं. मग मी थांबलेच नाही. गणपतीत दोन घरांच्या मधे चादर बांधून सिनेमा दाखवायचे, ते सांगितलं. चादरीच्या पुढं मोठी माणसं असायची आणि मागं आम्ही पोरं, कारण मागं जागा मोकळी. मागून सगळं उलटं दिसायचं. आमच्यातला एक मुलगा कितीतरी वर्षं समजत होता की सिनेमातले सगळे हिरो डावखुरे असतात. गिरण्या बंद पडल्यावर लोक घरं सोडून गेले, तेव्हा काकूही गेली आणि जाताना आईला म्हणाली, आता मला सिनेमा कोण सांगणार? तेही सांगितलं. हे सांगताना मी माइक थोडा जवळ ओढला.

इतकी माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला जाणवलं की आता याला काहीतरी शेवट पाहिजे. तेवढ्यात डीनसाहेबांनी अंगठा दाखवला, पाहुणे फाटकाशी आले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "ऐसे शहर को छोड़कर मैं कहाँ जाऊँगी? आप सबका स्वागत है।"

टाळ्या थांबेनात. मागं बाबा उभे राहिले होते. दुसऱ्या रांगेत मॅडम शालीच्या टोकानं डोळे टिपत होत्या. मी खाली उतरले तेव्हा खूष होते. वाक्य काय बोलले ते कळलं होतं, पण ते वाक्य मला भाषणाचं वाटलं, माझं नाही.

चहाच्या वेळी मी गर्दीतून वाट काढत मॅडमकडे गेले. त्या बेडईचा, म्हणजे आमच्याकडच्या डाळ भरलेल्या पुरीचा, तुकडा भाजीत बुडवत होत्या. मला बघून त्यांनी मला जवळ ओढलं.

"काय बोललीस गं! मला माहीतच नव्हतं हे सगळं."

"तुम्ही आलात, मला फार चांगलं लागलं."

"वाटलं," त्या हसून म्हणाल्या. "चांगलं वाटलं. लागतं ते मीठ." लगेच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे, असू दे. तुझ्या तोंडी गोड वाटतं."

पुण्यातली सगळी वर्षं हे ऐकलं होतं. तुम्ही मूळचे कुठले? ग्वाल्हेरचे. नाही, पण मूळचे? तिथं कुणीतरी रोज माझं एखादं वाक्य सरळ करून परत द्यायचं. मी तेही सोसलं होतं, पुन्हा सोसायला तयार होते.

"मॅडम, आपलं ते बोलायचं होतं."

"हो हो. निवांत बोलू." आणि तेवढ्यात कुणीतरी विचारायला आलं की पेन ड्राइव्ह चालत नाहीये, कार्यवाह कुठे आहेत?

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा कोट न काढताच खुर्चीत बसलेले. "बेटा, आईचं सांगितलंस ते ऐकून मन भरून आलं," ते म्हणाले. "पण एक गोष्ट तू चुकीची सांगितलीस."

"कुठली?"

"आई काकूला सिनेमा सांगायची ते खरं. पण सिनेमात होतं ते नाही सांगायची. तिला स्वतःलाच अर्धं कळायचं नाही. ती इथलीच जन्मलेली. ते पडद्यावरचे लोक भराभर बोलायचे, कधी गावाकडचं बोलायचे. ही आपली अंदाजानं ठोकून द्यायची. एकदा तर सिनेमात नवरा मरतो आणि हिनं काकूला सांगितलं, कलकत्त्याला गेला."

मी हसून हसून दिवाणावर बसले. बाबाही हसत होते. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "आणि शेवटचं ते? कुठं जाणार म्हणालीस ते?"

"ते भाषण होतं, बाबा."

"अच्छा," ते म्हणाले. कोट काढून त्याची घडी घातली आणि आत गेले. आत जाऊन त्यांनी टीव्ही लावला नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला दुसऱ्या दिवशीच्या गाड्यांचे फोन करायचे होते.

दुसरा दिवस मॅडमच्या मागं धावण्यात गेला. त्या सत्राच्या अध्यक्ष असल्या की मी दारात उभी. सत्र संपलं की माइकवाला मला शोधत यायचा. जेवणात पुऱ्या कमी पडल्या. एका ज्येष्ठ सभासदांना मुरैन्याची गजकच, इकडची ती खुसखुशीत चिक्की, पाहिजे होती, तीही तिळाची, आणि ती कुठं ताजी मिळते ते मलाच माहीत होतं. दुपारी किल्ल्यावर नेलं सगळ्यांना. बसमध्ये मॅडमशेजारची जागा मिळेल म्हणून मी आधी चढले, तर माणसं मोजायला मला पुन्हा खाली उतरावं लागलं, आणि परत चढले तेव्हा तिथं दुसरंच कुणी बसलं होतं. वरती तटावरून खालचं काही दिसत नव्हतं. सगळं पांढरं.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "इथून काय दिसतं एरवी?"

आता बोलावं असं मनात आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. पण त्यांनी प्रश्न विचारला होता, म्हणून मी हात करून दाखवायला लागले, हे या बाजूला लष्कर, तो तिकडे मुरार, त्या पलीकडे बिर्लानगर, पूर्वी धुराडी दिसायची. न दिसणारं गाव मी त्यांना अगदी मन लावून दाखवत होते. त्या माझ्या चेहऱ्याकडेच बघत होत्या. माझं पुरं व्हायच्या आत बसचा हॉर्न वाजला.

तिसऱ्या दिवशी समारोपाआधीच मॅडमची गाडी होती. मी डीनसाहेबांना सांगितलं, समारोपाचे आभार तुम्हीच माना, मी मॅडमना सोडून येते. गाडीत दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही. ड्रायव्हर होता, म्हणून रस्त्यात विषय काढला नाही. स्टेशनवर गाडी उशिरानं होती, आणि मला पहिल्यांदाच त्या उशिराचा आनंद झाला. बाकावर बसून आम्ही चहा घेतला.

मॅडमनीच सुरुवात केली. "तुला मी त्या जागेबद्दल म्हटलं होतं, आठवतंय?"

"हो."

"मी खूप विचार केला. आणि ठरवलं की तुला विचारायचं नाही."

मी कप खाली ठेवला.

"परवा तू बोललीस ना, तेव्हाच मला कळलं. आम्ही सगळे कुठून कुठून उखडून आलेलो. तू तशी नाहीस. तुला इथून उचलून न्यायची म्हणजे... मला ते बरोबर नाही वाटलं. किल्ल्यावर तर तू काही दिसत नसताना सगळं दाखवलंस मला. काल संध्याकाळी मी हैद्राबादच्या एका मुलाला फोन केला. त्याला म्हटलं, अर्ज कर."

"मॅडम," मी म्हटलं, "मला यायचंय."

त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हटलं, "मला पुण्याला यायचंय. मी फक्त त्यासाठीच हे सगळं..." पुढचं वाक्य मला पुरं करता आलं नाही. पलीकडून मालगाडी जात होती, ती संपेचना. दोघी तिच्याकडे बघत बसलो.

मालगाडी गेल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, मग तसं बोलायचं ना."

"तीन दिवस तेच करत होते."

"तीन दिवस नाही, इतकी वर्षं! तू नेहमी म्हणायचीस, बाबा आहेत."

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"तू अर्ज कर," त्या म्हणाल्या. "जाहिरात सगळ्यांसाठीच असते. समितीत मी एकटी नसते, आणि मी कुणाला काही कबूल केलेलं नाही. पण त्याला मी होऊन फोन केलाय. आता तुझ्यासाठी मुद्दाम काही बोलले तर ते मलाच बरं वाटणार नाही. हे तुला आत्ताच सांगून ठेवते."

त्या खरं बोलत होत्या आणि त्यामुळे मला त्यांच्यावर चिडताही येईना. गाडी आली. मी त्यांची बॅग चढवून दिली. दारात उभं राहून त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात. गाडी हलली तेव्हा मीच सोडला.

विद्यापीठात समारोप चालू असणार होता. मी ड्रायव्हरला म्हटलं, मला पाटणकर बाजारात सोड आणि तू जा. तिथं उतरून चालायला लागले. साड्यांची दुकानं, भांड्यांची दुकानं, सगळीकडे लग्नाची गिऱ्हाइकं. एका दुकानात शिरले आणि स्वेटर बघायला मागितले. दुकानदारानं काऊंटरवर ढीग घातला. एकेक उलगडून बघितला आणि काहीच न घेता बाहेर पडले. तो मागून काहीतरी म्हणाला. फोन वाजत होता, डीनसाहेबांचा. उचलला नाही. मला स्वतःचाच इतका राग आला होता की एका जागी उभी राहिले असते तर रडले असते, म्हणून चालत राहिले. घरापर्यंत चालतच गेले.

बाबा गॅलरीत मटार सोलत बसले होते. धुकं जाऊन थोडं ऊन पडलं होतं.

"संपलं का अधिवेशन?"

"बाबा, पुण्याला एक जागा होती. माझ्यासाठी. ती गेली."

"कुठं गेली?"

"दुसऱ्याला गेली. मी इथून हलणार नाही असं वाटलं त्यांना."

त्यांनी शेंग हातात तशीच धरली. "तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्हाला सोडून कशी जाऊ मी?"

"मला सोडून?" बाबांचा आवाज एकदम चढला. ते सहसा चिडत नाहीत. "मी इथं कुणासाठी बसलोय, तुला काय वाटतं? तुझा दादा कधीचा पुण्याला बोलावतोय. लिफ्ट आहे, बाग आहे, नातवंडं आहेत. मी त्याला म्हणतो, नाही बेटा, तिची नोकरी इथं आहे, ती एकटी पडेल."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस?"

"मी कशाला विचारू? तुम्ही इतके खूष असता इथं. सकाळी फिरायला जाता, ते पाटबंधाऱ्याचे मित्र—"

"त्यातले दोघंच राहिलेत," बाबा म्हणाले. "आणि एकाला ऐकू येत नाही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी ते सगळे मटार उचलून खाली फेकावेत असंही वाटलं. दादानंही मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढून वर्षांमागून वर्षं गेली, त्या सगळ्या स्कूटरवरच्या संध्याकाळी, आणि घरी खुर्चीत बसलेले बाबा, काय आणलंस विचारणारे. मी त्यांच्यासाठी थांबले होते, ते माझ्यासाठी, आणि दोघंही दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून इथं किती छान आहे ते एकमेकांना सांगत होतो.

"परवा तू म्हणालीस, कहाँ जाऊँगी," बाबा म्हणाले, "तेव्हा मी मनात म्हटलं, चला, आता माझाही विषय संपला. इथंच मरायचं." त्यांनी शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. "मी टाळ्या वाजवल्या. पण वाईट वाटलं मला."

त्या दुपारी आम्ही एकमेकांवर रागावूनच जेवलो. मटारची उसळ केली होती, ती दोघांनी संपवली. जेवण झाल्यावर बाबांनी दादाला फोन लावला आणि माझ्यासमोर, मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं, "मी यायला तयार आहे. तिला पण विचार, ती काय म्हणते."

मी अर्ज केला. मुलाखतीला पुण्याला गेले तेव्हा बाबा बरोबर आले, दोन मोठ्या बॅगा घेऊन. मुलाखतीत मॅडम होत्या. त्यांनी मला कठीण प्रश्न विचारले, पण वाकडा एकही नाही. बाहेर हैद्राबादचा तो मुलगा बसला होता, सारखा घड्याळ बघत. त्यानं मला विचारलं, "खूप ताणतात का आत?" मी म्हटलं, नाही, चहासुद्धा देतात. जागा त्याला मिळाली. पुढं त्याचा एक निबंध वाचला, चांगला आहे. त्याच्यावर चडफडायची सोयही राहिली नाही.

बाबा परत आले नाहीत. महिनाभर बघतो म्हणाले होते, पण उन्हाळा गेला, पाऊस गेला. आता रोज संध्याकाळी फोन करतात. सांगतात की बागेतल्या बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर भेटले आहेत, दोघं मिळून जगाला शिव्या देतात. कोपऱ्यावरचा भाजीवाला मात्र त्यांचं मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. पहिल्यांदा त्यांना ते लागलं. आता म्हणतात, "चला, कुणाशी तरी हिंदी बोलायला मिळतं."

मी ग्वाल्हेरला एकटी आहे. करार या वर्षीही झाला. "बाबा आहेत ना" हे उत्तर आता माझ्याकडे राहिलं नाही. डीनसाहेब मधे एकदा म्हणाले, नवीन विद्यार्थ्यांचं स्वागत आपणच करा, आपण छान बोलता. मी नाही म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं.

तीन ठिकाणी अर्ज पाठवले होते, एकाचं मुलाखतीचं बोलावणं आलं आहे, नागपूरचं. सोमवारी निघायचं आहे. दादा म्हणतो, आमच्यापासून इतक्या लांब जाण्यापेक्षा पुण्यातच काहीतरी शोध. बाबा म्हणतात, तुला पाहिजे तिथं जा, मला विचारू नकोस, आणि लगेच विचारतात, तिथं थंडी किती असते? मला माहीत नाही. बॅग दाराशी भरून ठेवली आहे. स्वेटर दोनदा आत घातला, दोनदा बाहेर काढला. आत्ता लिहिताना तो खुर्चीच्या पाठीवर आहे.